पडद्यांचा निळा

३ फेब्रुवारी
तीनच रंग! सोनेरी, निळा, गुलाबी. लहान मुलांच्या वॉर्डाचे पडदे आहेत, जत्रा नव्हे — हे आमच्या कापड-छपाई कारखान्याच्या मालकांना पटवताना घसा कोरडा पडला. निळा अंगभर, गुलाबी वेलीला, सोनेरी नुसता कडेला. सोनेरीला जास्त जागा दिली की तो घरजावयासारखा ठाण मांडून बसतो. मालक हसले. ‘ताईंचा निळा’ ग्राहक नाव घेऊन मागतात, मग काय बोलणार!

७ फेब्रुवारी
नमुना पास केला. निळा दोनदा वाढवायला लावला, तेव्हा कुठे निळा दिसला. गुलाबी नारिंगीकडे झुकत होता, त्यातही निळा घालायला लावला. मास्तर — बावीस वर्षं माझे रंग तेच कालवतात — म्हणाले, “ताई, एकदा उन्हात नेऊन बघू या का?” म्हटलं, मला शिकवू नका. माझं माप लिहून घेऊन गेले.

१२ फेब्रुवारी
आज सहज छपाईच्या टेबलाशी गेले. चालू कापडाला नमुना लावून पाहिला — निळा फिका, मळकट! माझं माप किलोभर रंगामागे चाळीस ग्रॅम निळी पूड. मास्तरांच्या बादलीवर खडूने लिहिलेलं, सव्वीस. नमुना एक दाखवायचा आणि कापड दुसरंच छापायचं! आमच्या धंद्यात याहून मोठं पाप नाही. त्यात ही पूड सगळ्यात महाग.

सगळ्यांसमोर विचारलं, “उरलेली कुठे विकता?”

ते माझ्याकडे नुसते बघत राहिले. खरा माणूस असा गप्प राहतो का? मालकांनी दुपारीच त्यांना घरी पाठवलं, कायमचं.

१३ फेब्रुवारी
सगळं कापड माझ्या मापाने नव्याने छापून घेतलं. झकास! तरी जेवण गेलं नाही.

२४ फेब्रुवारी
पडदे परत आले. सगळे. वॉर्डातल्या बाई फोनवर म्हणाल्या, “अहो, किती काळपट! मुलं घाबरतील.” मालकांनी एक पडदा खिडकीत धरला. “ताई, ही वेल गुलाबी आहे?”

मला गुलाबीच दिसत होती. तसं सांगितलं. खोलीत कुणी माझ्याकडे बघेना.

२६ फेब्रुवारी
मुलीने जवळजवळ ओढतच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू! “बरीच वर्षं वाढतोय,” म्हणाले. “सगळं पिवळट दिसतं, निळा विझतो. हळूहळू होतं, म्हणून कळत नाही.”

म्हणजे या खेपेला मास्तरांचं बरोबर होतं. आणि मी त्यांना चारचौघांत चोर ठरवलं. लाज वाटते. मालकांना म्हटलं, चूक माझी, त्यांना परत बोलवा. म्हणाले, “डोळ्यांचं समजू शकतो. पण न विचारता माप बदलणारा माणूस मला नको.”

१५ मार्च
उजव्या डोळ्याचं झालं.

१६ मार्च
पट्टी काढली. भिंतीवरचं साधं कॅलेंडर — त्यातलं आकाश! इतकं निळं असतं? रडायचं नाही, असं नर्सने बजावलं होतं.

२२ मार्च
कपाटातून तो नमुना काढला. असला गडद निळा मी पास केला? वेल तर चक्क जांभळी! आणि वर मास्तरांना तोंड वर करून बोलले! उद्या त्यांच्याकडे जाणार. पाय धरावे लागले तरी चालेल.

२३ मार्च
दार मास्तरांनीच उघडलं. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, “आता दिसतोय ना निळा?”

मी म्हटलं, “तुम्हाला कधी कळलं?”

“झाली की तीन वर्षं. तेव्हापासून नमुना तुमच्या मापाने, कापड माझ्या.” मग हळूच म्हणाले, “त्या दिवशी टेबलाशी खरं बोललो असतो, तर तुमचं काम गेलं असतं, ताई.”