गोगलगायींच्या वाट्याची ताडी

बाबा, गोगलगायींना ताडी आवडते हे तुम्हांला आधीपासून ठाऊक होतं, की त्या संध्याकाळी दारात उभ्या उभ्या सुचलं? हा प्रश्न मला काही केल्या सोडत नाही. तुम्हांला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुम्हांला विचारायचं काही उरलं असेल असं वाटलंच नव्हतं. पण या पावसाळ्यात चंदनसारच्या आमच्या तळमजल्याच्या घरामागे, भिंतीलगतच्या पट्टीभर मातीत मी झेंडू लावला आणि बघता बघता नुसते देठ उरले. सकाळी पानांवर वाळलेली चकचकीत रेघ दिसायची आणि कुंडी उचलली की खाली त्या सगळ्या, शंख नसलेल्या, बोटभर लांब, एकमेकींना चिकटून झोपलेल्या. शेजाऱ्यांनी मीठ टाकायला सांगितलं. आईने माझ्या हातातला डबाच काढून घेतला, म्हणाली, मिठाने माती जाते. मग मला तुमच्या करवंट्या आठवल्या.

तेव्हा आपण खाडीकडच्या गावात राहत होतो. तुम्ही कारखान्यातून सुटून येताय, रेनकोटच्या आत एक हात दडवलेला. आई उंबऱ्यातच उभी आहे. पुन्हा पिऊन आलात तर मुलाला घेऊन माहेरी जाईन, असं तिने नुकतंच बजावलंय, आणि ती खरंच जाईल हे तुम्हांलाही माहीत आहे. रेनकोटखालून ताडीची भरलेली बाटली निघते. तुम्ही आईकडे बघता, मग मागच्या झेंडूच्या वाफ्याकडे बघता आणि अगदी गंभीर चेहऱ्याने सांगता, "झेंडूसाठी आनलीय. गोगलगायी मरतात हिने." आई हसली नाही. ओता मग, एवढंच म्हणाली. आता माघार कुठली. नारळाच्या करवंट्या काठापर्यंत मातीत पुरून तुम्ही ती अख्खी बाटली रिकामी केलीत, आणि घरातलं कुणी गेल्यासारखं तुमचं तोंड उतरलं होतं. सकाळी करवंट्यांत गोगलगायींचा खच पडला होता. सगळ्यांत जास्त चकित तुम्हीच झाला होतात असं मला आठवतं, पण मी लहान होतो, कदाचित तसं मला नंतर वाटलं असेल.

मग ते रोजचंच झालं. संध्याकाळी बाटली घेऊन यायचं, ती आईसमोर ओतायची, आई हाताची घडी घालून बघायची. पुढच्या पावसाळ्यातही तेच. हळूहळू घरात असं ठरूनच गेलं की तुम्ही पिणं सोडलं, तेही गोगलगायींच्या निमित्ताने. मी मोठा झालो, शनिवारी घरी बियर आणायला लागलो, तेव्हापासून आई मला हेच ऐकवत आलीय. तुझ्या बाबांनी तोंडाशी आलेली ताडी मातीत ओतली, तुला एक बाटली सुटत नाही? त्यामुळे या चौकशीत माझा स्वार्थ होता, हे आधीच सांगून टाकतो. तुम्ही कुठेतरी लबाडी करताना सापडलात तर मला हवंच होतं.

म्हणून मी दोन करवंट्या पुरल्या. एकीत बियर ओतली, दुसरीत भाताची आंबलेली पेज. दिवेलागणीला स्टूल घेऊन बसलो. मला वाटलं होतं, पिऊन त्या झिंगत असतील. तसं काही दिसलं नाही. एक काठावर आली, शिंगं पुढे काढली, एक परत आत घेतलं, बराच वेळ विचार केल्यासारखी थांबली आणि मग सगळं अंग आत सोडून दिलं. दुसरी मात्र पोटभर पिऊन आल्या वाटेने शांतपणे निघून गेली. तिचं मला फार कौतुक वाटलं. कुठल्या करवंटीत जास्त, हे सकाळी पाहिलं तर दोन्हीकडे सारख्याच. म्हणजे त्यांना ताडीशी देणंघेणं नाही, आंबलेला वास पुरतो. मी मनात म्हटलं, सापडलात बाबा. पेज ओतून ताडी आपल्या पोटात घालायला तुम्हांला कोण अडवणार होतं?

आई खुर्चीवरून हे सगळं बघत होती. दोन करवंट्या कशाला, तिने विचारलं. मी काहीतरी सांगितलं, पण तिला ते पटलं नाही. ती म्हणाली, "त्यांना काय विचारतोस? त्या काय सांगनार. मला विचार." मग तिने सांगितलं. तुम्ही पाय धुवायला गेलात की ती रोज वाकून करवंटीत बोट बुडवायची आणि चाखायची. पहिल्या पावसाळ्यात ताडी होती. दुसऱ्या पावसाळ्यात पेज. मी जवळजवळ उडालोच, म्हणजे पीत होते ना! तिने मला हातानेच थांबवलं. पेज तिच्याच पातेल्यातली होती. सकाळी कामावर निघताना तुम्ही बाटलीत शिळी पेज भरून न्यायचात आणि संध्याकाळी तीच, ताडीवाल्याकडून आणल्यासारखी, रेनकोटखाली लपवून परत आणायचात. त्याच्याकडे जाणं तुम्ही कधीच सोडलं होतं. तोंडाला वास येत नव्हता, आणि तो ओळखण्यात तिची हयात गेली होती.

मग तू बोलली का नाहीस, मी विचारलं. ती म्हणाली, "बोलले असते तर बाटली बंद झाली असती. ओतताना तेवढं दोघं उभं राहायचो. त्यांना काय काय सांगायचं असायचं."

मला तुमचा हेवा वाटला बाबा, आणि रडूही आलं. तुम्ही दोघं तिथे काय बोलत होतात हे मी तिला विचारलं नाही. पहिल्या संध्याकाळचं कोडंही तसंच राहिलं, आईलाही ते माहीत नाही.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला कळत नाही, तेव्हा ते माझ्यापाशीच राहील. पण एक सांगायचं राहिलं. काल मी बियर ओतून हात धुवायला आत गेलो आणि खिडकीतून पाहिलं, तर आई गुडघ्यावर हात टेकून वाकली, करवंटीत बोट बुडवलं आणि चाखलं. होती बियरच. पण अर्धी बाटली मी आधीच प्यायलो होतो आणि उरलेल्या बियरमध्ये पाणी घातलं होतं. ती आत आली. उद्या कधी ओतणार, एवढंच तिने विचारलं.