कॉलरमागचं कुंकू

चारकोप, सोमवार

तीर्थस्वरूप जयंतीताईस धाकूचा, मुलुंडच्या दिशेला तोंड करून, वाकून नमस्कार.

तुझा गुडघा आता कसा आहे? तेल लावतेस की नुसतीच बाटली बघतेस? भावोजींना एकसष्टीचा शर्ट झकास बसला आणि ते साऱ्या सोसायटीला दाखवत फिरले, हे ऐकून बरं वाटलं. (माप मी नजरेनंच घेतलं होतं.) माझी मात्र वाट लागलीय. फोनवर सांगायचा धीर होईना, म्हणून लिहितोय.

आपल्या कारखान्याची रीत तुला ठाऊक आहे (सहा मशिनी म्हणजे कारखानाच, हसू नकोस). नव्या मालाचा पहिला शर्ट उतरला की कॉलरच्या आत कुंकवाचं बोट. बाबांची गिरणी बंद झाल्यावर मिळालेल्या पैशांतून पहिली मशीन आली, तेव्हापासून आई लावायची. आता आपली सगळ्यात जुनी कारागीर सुंदराबाई लावते. तिचा अंगठा वाकडा, म्हणून टिपका चिंचोक्यासारखा उमटतो. चैत्रात घाटकोपरच्या व्यापाऱ्याला पट्ट्यांच्या शर्टाचं सँपल दिलं, तेही कुंकू लावूनच. पुढे त्याचा फोनच नाही. गेलो, तर म्हणाला, बांगलादेशातून शिवून आणतोय. तिकडच्या कपड्यावर आता सीमेवर शुल्क नाही, तुझ्या शिलाईत मला अख्खा शर्ट पडतो. मग माझ्या सहा बायकांनी काय करायचं, असं विचारलं तर त्यानं चहा मागवला. (चहा चांगला होता, खोटं कशाला बोलू?)

आणि गेल्या आठवड्यात बोरिवलीच्या एका मॉलमध्ये गेलो होतो. का, ते विचारू नकोस. समोर आपलाच पट्ट्यांचा शर्ट! खोडच वाईट, कॉलर उलटून पाहिली, ताई. आत कुंकू. लाल धाग्यानं भरलेला, वाकडा, चिंचोक्याएवढा टिपका. दुसरा शर्ट उचलला, तोच. दहावा, तोच. तिकडच्या कुठल्या पोरीनं आपल्या सुंदराबाईचा अंगठा मशीनवर दहा हजार वेळा भरला असेल गं! सवयीनं माझे हात जोडले गेले, तसा सेल्समन मॅनेजरला बोलवायला पळाला. मी ट्रायल रूमच्या स्टुलावर बसून राहिलो. राग यायला हवा होता, पण आधी रडूच आलं. शिलाई निरखून बघितली. आपल्यापेक्षा सरळ होती.

मशिनी विकायचं ठरवलंय. आईची तेवढी तू ठेवून घेशील का? भंगारात द्यायला हात धजत नाही. भावोजींना नमस्कार सांग.

तुझा,
धाकू

ता. क. पाकीट चिकटवणार तोच व्यापाऱ्याचा फोन. गिऱ्हाइकं टिपक्याला डाग समजून शर्ट परत करतायत. "तुझ्याच सँपलवर होता, आम्हाला डिझाइन वाटलं," म्हणतो. दहा हजार कॉलरींमधला टिपका उसवायचं काम मलाच दिलंय. दोन महिने तरी मशिनी विकायला नकोत. पण सुंदराबाईनं कात्री खाली ठेवली. "कुंकू लावायला सांग, दहा हजार लावीन. पुसायला हात लावणार नाही." बाकीच्या पाचजणीही तिच्याच बाजूनं. तेव्हा मशीन राहू दे, भावोजींनाच पाठव. रिटायर माणूस, नजर चांगली, आणि पुरुषाला त्यात दोष लागत नसावा.

आणखी एक. येताना एकसष्टीचा शर्ट घालून येऊ देत. कॉलर मात्र कुणी उलटून बघू नका. सुरुवात तिथूनच करायचीय. (मॉलमध्ये का गेलो होतो, ते आता तरी विचारू नकोस.)