डिकीतलं मशीन कोणाच्या पॉलिसीत?

सोमवार, ता. ३, सकाळी
गॅरेजमध्ये चोरी झाली. पेन खराब आहे म्हणून अक्षर असं. मी घाबरलेलो नाही.

गाडीतली म्युझिक सिस्टिम उपटून नेली. आणि डिकीतलं बायकोचं शिलाई मशीन. कॅनव्हास शिवायचं, जडच्या जड. आज सर्व्हिसिंगला न्यायचं म्हणून काल दोघांनी कण्हत-कुंथत डिकीत ठेवलं आणि ती बहिणीकडे मुक्कामाला गेली. गाडी जागेवर आहे. धक्का मारल्याशिवाय सुरू होत नाही, चोरालाही झाली नसणार.

कुलूप शाबूत. कडीला उघडंच लटकतंय, किल्ली त्यातच. काल रात्री लावायला गेलो नव्हतो. अंगणात दिवा नाही, आणि मला सर्दी होईलसं वाटत होतं. तसा रोजच जात नाही. रोज झोपताना बायको विचारते, कुलूप लावलंत का. मी पांघरुणातून हो म्हणतो. इतक्या वर्षांत काही बिघडलं नाही, म्हणजे पद्धत बरोबर होती.

गल्लीच्या सुरक्षा समितीचा अध्यक्ष मीच. ही बातमी बाहेर जाता कामा नये.

दुपारी
बातमी गल्लीभर झाली. पोलीस गाडी दारात उभी राहिल्यावर काय लपणार!

हवालदार चांगला माणूस, पण मंद. मी त्याला फोटो काढायला लावला. समितीच्या रेकॉर्डला असावा म्हणून स्वतः दाराशी उभा राहिलो आणि कडीकडे बोट दाखवलं. फोटोत पोट आत घेतलंय.

संध्याकाळी
बायको आली. रिकामी डिकी बघत बराच वेळ उभी राहिली. रडली नाही. रडली असती तर मी धीर दिला असता. एकच विचारलं, कुलूप लावलं होतंत ना. मी हो म्हणालो. माझ्याकडे बघून म्हणाली, बरं.



मंगळवार, ता. ४
रात्रभर टक्क जागा. चोराला आपलं घर माहीत झालं. मी घोरतो हेही त्याने ऐकलं असणार. बेडरूमच्या दाराला खुर्ची लावून झोपलो. बायको पहाटे पाणी प्यायला उठली आणि त्या खुर्चीवर धडपडली. मी ओरडलो, पण फक्त तिला सावध करण्यासाठी.

ते मशीन तिने स्वतःच्या कमाईतून घेतलंय. तसं आता बनत नाही म्हणे. पिशव्यांची मोठी ऑर्डर हातात आहे. दुकानदार महिनाअखेरपर्यंत थांबेन म्हणाला, नंतर काम दुसऱ्याला देणार. तिला म्हटलं, काळजी सोड, विमा कशासाठी काढलाय, आठवड्यात नवं मशीन दारात. ती दाभण शोधायला लागली.

दुपारी
गाडीच्या विमा कंपनीला फोन. मुलगी गोड बोलते. म्हणाली, गाडीला पक्कं बसवलेलं असेल ते आमच्याकडे, गाडीत नुसतं ठेवलेलं असेल ते तुमच्या घराच्या पॉलिसीत. म्युझिक सिस्टिम त्यांची, मशीन नाही. मी सांगून पाहिलं की मशीनही डिकीत अगदी घट्ट बसलं होतं. तिने विचारलं, स्क्रूने का? मी फोन ठेवला.

मग घराच्या विमा कंपनीला फोन. तो माणूस म्हणाला, गाडीत होतं ना, मग आधी गाडीवाल्यांना विचारा. मी त्याला सुनावलं, गाडी गॅरेजमध्ये होती आणि गॅरेज घराचं आहे! तो म्हणाला, असं असेल तर शनिवारी सर्व्हेअर येऊन बघेल. कुलूप कोणी लावलं होतं, कसं होतं, सगळं विचारेल.

उकडायला लागलं. पंखा पाचवर.

बुधवार, ता. ५
घराची पॉलिसी वाचायला घेतली. बारीक टाइप. मध्यावर एक वाक्य सापडलं: तोडफोड करून आत शिरल्याच्या खुणा आवश्यक. पुढचं पान उलटायची हिंमत झाली नाही.

आमच्याकडे खुणाच नाहीत. चोर इतका सभ्य निघाला, त्याला मी काय करू!

बायको कॅनव्हास हाताने शिवत बसली होती. दाभण लागून बोटातून रक्त आलं. म्हणाली, निदान थोड्या पिशव्या तरी होतील. माझ्याने बघवेना, म्हणून पेपर तोंडासमोर धरला.

निर्णय घेतला. तिच्यासाठी घेतला.

गुरुवार, ता. ६
बायको दोरा आणायला गेली तेव्हा कार्य उरकलं. आधी गॅरेजला नीट कुलूप लावलं. मग तोडायला घेतलं. हातोडा अंगठ्यावर बसला. करवतीचं पातं मोडलं. एवढं मजबूत कुलूप मीच निवडून आणलं होतं, याचा त्याही स्थितीत अभिमान वाटला. शेवटी कोयंडाच लाकडातून उचकटून काढला. दाराची फळी चिरली. काय खुणा उमटल्यात! चोर बघेल तर लाजेल.

शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून विचारलं, काय चाललंय. दुरुस्ती, म्हणालो. ते म्हणाले, वाटत नाही.

बायकोने अंगठ्याला पट्टी बांधली. कसं लागलं विचारलं नाही. हे न विचारणं मला अजिबात आवडत नाही.

शुक्रवार, ता. ७
ताप आल्यासारखं वाटतंय. थर्मामीटर नॉर्मल. थर्मामीटर बिघडलाय.

सर्व्हेअरसमोर बोलायची प्रॅक्टिस आरशात केली. रोज रात्री मी स्वतः कुलूप लावतो, हे वाक्य ठासून येतं. फक्त शेवटी आवाज चिरकतो.

शनिवार, ता. ८
सर्व्हेअर आला. किरकोळ अंगाचा, हळू बोलणारा. असली माणसं जास्त धोकादायक. मी वाक्य ठासून म्हटलं. त्याने कोयंडा पाहिला, फळी पाहिली आणि बॅगेतून पोलिसांकडून आणलेला फोटो काढला. त्यात मी. पोट आत. बोट कडीकडे. बोटाच्या टोकाला धडधाकट कुलूप, त्यात किल्ली.

तो म्हणाला, चोर परत आला होता का?

मी तेच वाक्य पुन्हा ठासून म्हणायला घेतलं. तेवढ्यात बायको शांतपणे म्हणाली की कुलूप रोज ती लावते. हे झोपले की टॉर्च घेऊन जाते आणि सकाळी उठून उघडते. त्या रात्री ती बहिणीकडे होती, म्हणून राहिलं.



सर्व्हेअरने पॉलिसीचं पान उलटलं. मी न उलटलेलं पान. खुणांची अट घर बंद ठेवून गावाला गेल्यावरची. माणसं घरात असताना गॅरेजमधून चोरी झाली, तर कुलूप उघडं असलं तरी मशीन घराच्या पॉलिसीत बसत होतं. खरं सांगितलं असतंत तर मिळालं असतं, म्हणाला. आता दाराची ही अवस्था बघून मला जे दिसलं तेच लिहावं लागेल.

तो गेल्यावर बायकोला विचारलं, तुला माहीत होतं तर रोज विचारायचीस कशाला. म्हणाली, वाटायचं, एखाद्या दिवशी जाल. आणि तुम्हाला अंधाराची भीती वाटते हे लग्न झालं त्याच आठवड्यात कळलं होतं, चारचौघांत कशाला बोलायचं.

भीती नव्हे, सावधपणा. पण हे तिला सांगण्याची वेळ ती नव्हती.

सोमवार, ता. ३१
घराच्या कंपनीचं पत्र आलं. खोटा पुरावा, क्लेम नामंजूर. गाडीवाल्यांनी म्युझिक सिस्टिम मंजूर केली. गाडी अजून धक्क्याशिवाय सुरू होत नाही, पण आता तिच्यात बसून गाणी ऐकता येतील.

ऑर्डर गेली. ज्याला मिळाली त्याच्याच कारखान्यात बायको रोजावर शिवायला जाते. त्याच पिशव्या. यायला अंधार होतो.

समितीचा राजीनामा दिला. त्यांनी मागितला नव्हता, पण बैठक बोलावली होती.

आज ठरवलं, ती दमून येते, कुलूप आपणच लावायचं. टॉर्चमध्ये नवे सेल घातले. मागचं दार उघडून पायरीवर उभा राहिलो. कुंपणाशी काहीतरी खसखसलं. मांजर असावं. मांजर नसलं तर? आत आलो, दाराला कडी घातली.

ती आली. पिशवी ठेवली, माझ्या हातातली टॉर्च घेतली आणि चपला न काढता मागे गेली. गॅरेजमध्ये आता चोरण्यासारखं काही नाही, तरी गेली. मी खिडकीतून नीट लक्ष ठेवलं.

परत आल्यावर विचारलं, कुलूप लावलंस का.

हो म्हणाली.