'येते' म्हणावं

१४ सप्टेंबर, बेसिंगस्टोक, इंग्लंड
सुप्रभाताई, गुडघे कसे आहेत? मोहनभाऊजींची साखर उतरली का? निधीचा खोकला? आणि ती म्हातारी मांजर, आहे ना अजून? मी सुखरूप पोचले. तुझ्या हुकमाप्रमाणे रोजनिशी लिहीन नि पानांचे फोटो धाडीन.

परीक्षितचं भाड्याचं घर चिमुकलं, पण उबदार. दारालगत घरमालकाचं जुनं चित्र आहे, एकोणिसाव्या शतकातलं. नदी, दगडी पूल, चर्चचा सुळका, काठाने उतरत आलेलं गाव. पलीकडे एक होडी, तीत पाठमोरा नावाडी. मला तर वाईचा घाटच आठवला. येता-जाता बघत राहते.

१७ सप्टेंबर
तनया शाळेला निघताना म्हणते, आजी, मी जातो. सहा वर्षांची मुलगी आणि 'जातो'! शिवाय घरातून निघताना जाण्याचं नाव काढतात का? म्हटलं, 'येते' म्हणावं बाळा, म्हणजे माणूस परत येतं. तर म्हणते कशी, पण मी गोइंग आहे ना, कमिंग कुठे? हसून हसून पुरेवाट झाली. सूनबाई आश्लेषा म्हणाली, आई, महिन्याभरात तिला पुणेकर करून सोडाल. आता पोर रोज त्या नावाड्यालाही 'येते हं' करून जाते.

२५ सप्टेंबर
होडी नदीच्या मध्यावर आहे. मला पलीकडे दिसली होती ना? परीक्षित म्हणतो, आई, जेट लॅग अजून उतरला नाही का तुझा!

२९ सप्टेंबर
आज डोळ्यांनी पाहिलं. तनया 'येते' म्हणाली आणि वल्हं हललं. मी दिवसभर म्हणून पाहिलं, काही नाही.
नावाडी आता आमच्याकडे तोंड करून बसलाय. तोंड रंगवलेलंच नाही.
परीक्षितला चित्र उतरव म्हटलं, तर ते भिंतीला स्क्रूने बसवलंय, हात लावायचा नाही असा करार. वर माझी शाल टाकली. तनयाला बजावलं, आता नाही म्हणायचं. ती रुसली. तूच शिकवलंस म्हणाली.

२ ऑक्टोबर
शाळेला उशीर झाला होता. तिचा मफलर आणायला आत वळले. मागून गोड आवाज, येते हं आजी.
मला म्हणाली गं. नुसती मला.
दार आतून बंद. शाल खाली. तनया नाही.
होडीत तिचा पिवळा रेनकोट.

३ ऑक्टोबर
पोलीस आले. चित्राकडे बोट केलं तर मला खुर्चीत बसवून पाणी दिलं. आश्लेषा माझ्याकडे बघत नाही.
होडी पलीकडे लागलीय. काठावर पोर उभी आहे. तिचंही तोंड आता —

५ ऑक्टोबर
चित्रापुढे बसून आहे. येते, मी येते, मला ने, तिला सोड. वल्हं ढळत नाही.
म्हातारी नको त्याला.

६ ऑक्टोबर
परीक्षित माझ्याशी बोलत नाही. पण उंबऱ्यात 'येतो' सुटतंच तोंडून. मीच लावलेलं वळण.
सकाळी तनयाचे फोटो चिकटवायला गेला — होडी सुटली. दुपारी परत गेला — मध्यावर. पाया पडले त्याच्या. आई, पुरे आता, म्हणाला.
ताई, तुझं ऐकतो तो. त्याला कळव, मुक्यानेच जा म्हणावं — बूट घालतोय — होडी अलीकडे, अगदी — लगेच लिही गं, लवकर लिही, तो वळून माझ्याकडे —