कफनाचे सदरे

४ मे १७००

पोचले एकदाची! स्कॉटलंडचा हा फाईफचा किनारा दुरून सुरेख दिसतो आणि जवळून मासळीचा वास मारतो, पण मला मिळालेली खोली मात्र झकास आहे. पूर्वेला मोठी खिडकी, खिडकीत समुद्र, आणि शिवायला बसायला भरपूर उजेड. मालकीण बेथियाबाईंनी दारातच माझी सुया टोचून टोचून कडक झालेली बोटं चाचपून पाहिली आणि खूश झाल्या. जेवायला तळलेले हेरिंग मासे आणि ओटची भाकरी. इतकी वर्षं पिकं बुडाल्यावर मी पोटभर जेवण विसरूनच गेले होते.

बाईंनी आपलं सगळं किडूकमिडूक आणि वर दोन्ही मुलगे डेरिएनला वसाहत करणाऱ्या कंपनीच्या हवाली केले आहेत. त्यात नवल काहीच नाही. या देशात ज्याच्याकडे चांदीचा चमचा होता, त्याने तो विकून कंपनीचा हिस्सा घेतला. माझा नवरा निनियनसुद्धा गेल्या वर्षी दुसऱ्या ताफ्याबरोबर तिकडे अमेरिकेत, डेरिएनला गेला, वसाहतीसाठी पिंपं बांधायला. दोन महासागरांच्या मधली ती चिंचोळी जमीन आपली झाली की जगाचा व्यापार आपल्या दारातून जाणार, असं सगळे सांगत होते. निघताना म्हणाला, ग्रिझ, मी आलो की तू फक्त रेशीम शिवशील. मी म्हटलं, आधी ये तर खरा.

मी बाईंकडे सदरे शिवायला आले, ते न्यूकॅसलचा एक इंग्रज व्यापारी घेतो. चार महिने नेटाने शिवलं तर निनियन येईपर्यंत भाड्याने एक खोपटं घेता येईल. अजून काय पाहिजे?

११ मे

कापड कुठून येतं ते आज कळलं, आणि माझा विरसच झाला.

गावातल्या बायका परसदारी येतात, शालीखाली गाठोडं लपवून. ते सोडलं की आत कफनाची चादर. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात आपण सगळ्याच जणी सूत काततो, एक नवऱ्याची चादर आणि एक आपली, कोपऱ्यात नाव भरून पेटीच्या तळाशी ठेवतो. कायदाही तसाच आहे, माणसाला पुरायचं ते देशी लिननच्या कापडातच. आता त्याच चादरी या बायका ओटच्या पिठासाठी देऊन टाकताहेत. तीन चादरी पहिल्या ताफ्यातल्या माणसांच्या होत्या, ज्यांची धड बातमीसुद्धा आलेली नाही. कोपऱ्यातलं नाव उसवायचं कामही माझ्याकडेच.

मी बाईंना विचारलं, हे बरं दिसतं का? त्या उखडल्याच. म्हणे माणसं जिवंत आहेत, सोनं घेऊन येतील, मग मरतील तेव्हा मरतील रेशमात! वसाहत बुडाली ही लंडनच्या लोकांनी उठवलेली आवई आहे म्हणे. आपल्या मुलांच्या चादरी त्यांनी सगळ्यांच्या आधी विकल्या, हे त्या अभिमानाने सांगतात. आता अशा बाईशी कोण डोकं लावणार?

२३ मे

या कपड्यांनी वात आणला आहे. वाळतच नाहीत. दोरीवर चार चार दिवस, कडक वारा, तरी घडी घातली की आतून ओल. सुया गंजल्या, कात्रीला तांबेरा चढला. मी धोबीण मॅरियनवर जाम तोंडसुख घेतलं. मॅरियन सत्तरीची, कानाने अधू, पण जीभ शाबूत. ती म्हणाली, माझ्या धुण्याला नावं ठेवू नकोस पोरी, तुझ्या कात्रीला ठेव. तिचं म्हणणं असं, की माणूस घरी येईपर्यंत त्याची चादर कापायची नसते. मेल्याची बातमी आली तर ती त्याच्या बिछान्यावर पसरायची, वर मिठाची ताटली ठेवायची आणि दिवसभर शेजारी बसायचं. म्हणजे माणूस कुठेही पडलेला असो, त्याला ती पोचते. ज्याचं नाव त्यालाच. दुसऱ्याच्या हाती दिलीस तरी ती नाववाल्यालाच गुंडाळते म्हणे.

मी शाळामास्तरची मुलगी. असलं ऐकून घ्यायची मला सवय नाही. पण ओल चाखून पाहिली. खारट होती. आणि उन्हात ठेवलेल्या पाण्यासारखी कोमट.

९ जून

मजुरी नाही. मागितली की बाई म्हणतात, जहाजं येऊ देत. जहाजं, जहाजं! या देशात भाकरीपासून लग्नापर्यंत सगळंच जहाजं येण्यावर अडून बसलं आहे. एडिंबरात शहाणे लोक आता उघड म्हणायला लागलेत, की लंडनच्या दारात पदर पसरल्याशिवाय गत्यंतर नाही.

व्यापाऱ्याचे सदरे कमी पडताहेत आणि गावात चादरी उरल्या नाहीत. आज बाईंची नजर माझ्या पेटीवर गेली. निनियनची आहे ना आत? मी नाही म्हटलं. मग त्यांनी नेमकं वर्मावर बोट ठेवलं. म्हणाल्या, जपून ठेवली आहेस म्हणजे तो मेला असं तू धरूनच चालली आहेस.

१२ जून

कापली.

रागाने कापली, आणि खोटं का लिहू, आशेनेही कापली. चादर जपून ठेवणं म्हणजे त्याची वाट पाहणं नव्हे, त्याच्या मरणाची वाट पाहणं. तो जिवंत आहे. जिवंत माणसाला कफन कशाला? तीन दिवसांत तीन सदरे झाले. नाव भरलेला कोपरा मला उसवता येईना, म्हणून एका सदऱ्याच्या आत दुमडून टाकला. माझी स्वतःची चादर मात्र पेटीत राहू दिली. कुठेतरी थांबायला नको का?

तो कोपऱ्याचा सदरा उद्याच्या बोटीने न्यूकॅसलला जाईल.

२२ जून

विजय! डेरिएनच्या जंगलात आपल्या लोकांनी स्पॅनिश फौजेला पळवून लावलं. एडिंबरात म्हणे प्रत्येक खिडकीत मेणबत्त्या, आणि ज्या खिडकीत नाही तिच्यावर दगड. आमच्या गावानेही चरबीचा शेवटचा तुकडा जाळला. अख्खा किनारा उजळला. बाईंनी मॅरियनला धरून अंगणात गिरक्या घेतल्या. मीही माझ्या पूर्वेच्या खिडकीत दोन लावल्या आणि समुद्राकडे बघून वेड्यासारखी हसले. बघ, म्हटलं ना, जिवंत आहे!

मॅरियनने मात्र आपल्या खिडकीत काही लावलं नाही. म्हणाली, त्यांना पाण्यावरून वाट सापडत नव्हती, ती तुम्ही दाखवलीत.

२४ जून

सकाळपासून दाट धुकं. भर दुपारी अंगण दिसत नाही. दोरीवरचे सदरे आत घ्यायला गेले. वारा नाही, तरी फुगलेले होते. छाती भरल्यासारखे, बाह्यांमध्ये दंड असल्यासारखे. हात लावला तर ऊबदार. वास आपल्या समुद्राचा नाही, कुजक्या पानांचा आणि कुठल्यातरी परक्या चिखलाचा.

फाटकापासून दोरीपर्यंत ओल्या पावलांचे ठसे. अनवाणी. परत गेलेले नाहीत.

२६ जून

धुकं तसंच. गल्लीत माणसं उभी आहेत. बायका दारं लावून आत रडताहेत, कारण आवाज ओळखीचे आहेत. कोळ्याची ॲलिसन सांगत होती, की तिचा डेरिएनला गेलेला नवरा दाराबाहेरून एकच विचारतो, माझी कुठे आहे? सगळे तेच विचारतात. आणि प्रत्येकीला एकच उत्तर द्यावं लागतं, बेथियाबाईंच्या घरी.

आता ते आमच्या भिंतीशी आहेत.

मला भीती वाटते आहे, आणि भीतीपेक्षा चीड येते आहे. नकाशे काढले कुणी, हिस्से विकले कुणी, आणि दारात आले ते आमच्या!

२८ जून

एडिंबराहून बातमी. वसाहत पडली. मार्च संपता संपताच शरण गेले. म्हणजे आम्ही मेणबत्त्या लावल्या तेव्हा सगळं केव्हाच— जहाजं बुडाली, तापाने माणसं गेली, खड्ड्यांत एकावर एक, वर काहीही न घालता.

बाई ऐकून हसल्या. आवई, म्हणाल्या. तेवढ्यात बाहेरून दोन आवाजांनी आईला हाक मारली. बाईंनी दार उघडलं, मी पाहिलं, आनंदाने उघडलं. आलात ना रे, म्हणाल्या. दोघांच्या मधून धुक्यात चालत गेल्या. मॅरियनने हाका मारल्या. मी नाही. मी कडी लावली.

२९ जून

निनियनचे दोन सदरे इथेच आहेत. उसवते आहे. तुकडे जुळवते आहे. चादर परत झाली की बिछान्यावर पसरेन, मीठ ठेवेन, शेजारी बसेन. तिसरा न्यूकॅसलला. कोपरा त्यातच. नाव त्यातच. कुणीतरी इंग्रज माझ्या नवऱ्याचं नाव पाठीवर घालून हिंडतो आहे.

नावाशिवाय पोचत नाही, मॅरियन म्हणते. ती गाव सोडून गेली. पळ म्हणाली. कुठे पळू? तो आला तर मी इथे नको?

३० जून

तो आला.

दारावर दोनदा जलद, एकदा सावकाश. पिंपाचा पट्टा बसवताना ठोकायचा, तसं. ग्रिझ म्हणाला. माझी कुठे आहे, म्हणाला. आवाजात राग नाही. नुसता दमलाय. थंडी वाजते म्हणाला, तिकडे इतकं ऊन, तरी थंडी.

शिवते आहे. पुरत नाही. कितीही जोडलं तरी एक बाजू उघडी—

माझी आहे ना! पेटीत. माझी अख्खी चादर. तीच देते. माझ्याच हातची, त्याच सुताची. दार फटभर उघडून बाहेर सरकवली.

घेतली त्याने. देवा, घेतली.

शांत आहे.

खिडकीतून बघते. अंगाला लावत नाही. कोपरा शोधतोय, बोटाने वाचतोय. माझं नाव आहे त्यावर. मीच भरलेलं.

दोन्ही हातांनी उघडून धरली आहे. माझ्या मापाची. ये म्हणतोय, ग्रिझ, तुझीच आहे की ही—

कडी लावली होती. मी लावली होती, मला चांगलं आठवतं—