दोनशे व्होल्टांचा मार

११ नोव्हेंबर. सकाळी ९.
आजपासून नरमाई बंद. माझं पाच वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट मार्चअखेर संपतं. फुकुओकाच्या या लॅबमध्ये पर्मनंट जागा एक, उमेदवार दोन: मी आणि मिझोगुची. निशिओका सरांची अट सोपी आहे. शर्टाच्या बटणाएवढं पेलेट, म्हणजे भाजून कडक केलेली चकती, त्यात दोन ऑक्साइडचे थर एकमेकांना चिकटलेले. मधली हद्द ओलांडून ऑक्सिजनचे आयन जो पलीकडे नेईल, त्याची जागा. मिझोगुची दोन व्होल्ट लावून बसलाय. दोन! सरळ बोटाने तूप निघत नाही. मी दोनशे लावणार.

२६ नोव्हेंबर.
पेलेट फुटलं. फटाक्यासारखा आवाज, एक तुकडा माझ्या गालात. दोन टाके. सरांनी विचारलं, यातून काय शिकलास? म्हटलं, आयन घाबरलेत. सर बराच वेळ छताकडे बघत होते. विचारात पडले असणार.

९ डिसेंबर.
सोळावं पेलेट गेलं. सोबत पेलेट तापवायच्या भट्टीची नळीही गेली. मीटरला लाथ घातली. अंगठा सुजला, मीटर शाबूत. अंगठ्याचं नखही काळं पडलं. प्रगती आहे.

२१ डिसेंबर. (२२ ला लिहिलं.)
वर्षअखेरची पार्टी. मिझोगुचीने माझा ग्लास भरला आणि म्हणाला, "उएमात्सु-सान, त्यांना जरा वेळ देऊन बघा ना." माझ्या आयनांबद्दल मला सांगतो! एक ठोसा मारला. नाकातून रक्त आलं त्याच्या. गरीब गाय वाटायचा, पण त्याने आतड्यांच्या रश्श्याचं अख्खं भांडं माझ्या मांडीवर उपडं केलं. मग मी त्याच्या शर्टाची बाही फाडली, त्याने माझा चष्मा तुडवला. सर म्हणाले, "बास. टाळीची वेळ झाली." रीतीप्रमाणे सगळ्यांनी एका तालात टाळी वाजवली आणि घरी गेलो. मांडीला फोड आलेत.

१७ जानेवारी. दुपारी ३.१०.
जिंकलो!!! करंट एकदम नऊशे पट. पेलेटवर काळी रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत, हद्द फोडून आरपार! वॉचमनला उचलून गोल फिरवलं. त्याची कंबर लचकली. पुन्हा व्होल्टेज दिलं तर पेलेटच्या ठिकऱ्या झाल्या, पण रेघ फोटोत आहे. बायकोला फोन केला, घर बघायला लाग म्हटलं. ती म्हणाली, "आधी कागदावर सही होऊ दे." हिचा माझ्यावर कधी विश्वास नव्हता.

८ फेब्रुवारी.
मोडक्या शिवणसुयांना निरोप द्यायचा दिवस. आमच्याकडे करंट मोजायच्या बारीक सुयाही तोफूत टोचून देवळात नेतात. राबल्या बिचाऱ्या, आता मऊ जागी निजू देत, असं सर म्हणतात. मिझोगुचीच्या सुया तीन. माझ्या चौसष्ट. तोफू पुरेना, दुसरी लादी आणावी लागली. काम कोण करतं ते भटजींनाही दिसलं.

१४ फेब्रुवारी.
मिझोगुची आला. "तुमचे फुटके तुकडे नेऊ का? मायक्रोस्कोपखाली बघतो. कापायची मेहनत वाचेल." अख्खा डबा दिला. हरलेल्या माणसाशी मोठ्या मनाने वागावं.

२८ फेब्रुवारी.
मीटिंग. पडद्यावर माझी काळी रेघ, दहा हजार पट मोठी केलेली. त्यात ऑक्सिजन नाही. चांदी आहे. वायर चिकटवायला मी जो चांदीचा लेप लावत होतो, त्यातलेच आयन मार खाऊन कडेकडेने पळाले आणि दोन टोकं जोडून बसले. शॉर्ट सर्किट! सर म्हणाले, "उएमात्सु, तू आयन हलवलेस, हे खरं आहे. पण स्वतःच लावलेले."
मिझोगुचीचा ऑक्सिजन दोन व्होल्टांवर, एकोणीस दिवसांत, हद्दीपलीकडे मोजून मिळालाय. मी खुर्ची उचलून फळ्यावर फेकली. फळ्याला भोक पडलं. एकजण कचरा भरायला सुपली घेऊन आला. ती हिसकावून मीच भरला.

३१ मार्च. दुपारी.
कपाट रिकामं केलं. मिझोगुची भट्टीशी बसला होता. नाकाचं हाड अजून जरा वाकडंच आहे. त्याला विचारलं, दोन व्होल्ट लावल्यावर नेमकं करायचं काय?
म्हणाला, "काही नाही. बसायचं."
शेजारी स्टूल घेऊन बसलो. मीटरचा आकडा हलेना. पाच वर्षांत एकदाही असा बसलो नव्हतो. रडू आलं, ते दाबलं. वीस मिनिटं झाली असतील. मिझोगुची मीटरवरून नजर न काढता हळूच म्हणाला, "उएमात्सु-सान, पाय. टेबल हलतंय."
पाय धरून ठेवला. तरी हलत होता. मग उठून घरी आलो.