विश्रामच्या हातचे पत्र

एडिंबरो, ता. ९ जानेवारी १८८८

विश्रामच्या हातचे पत्र आता येणे नाही,
निदान तीन आठवडे तरी. ही वरची ओळ माझा सोबती प्रभाकर याने आपल्या पदरची घातली आहे. खोड म्हटले तर कागद नासतो म्हणतो. माझे उजवे मनगट बर्फावर घसरून मुरगळले, सबब मी सांगतो आहे आणि तो लिहितो आहे. त्याला मायने लिहिण्याचाही कंटाळा आहे, पण एवढा तरी घाल म्हणून मी हट्ट धरला.

ती. दादांस कृ. सा. न. वि. वि. नाताळची सुट्टी संपून आमचे गाडे पुन्हा रुळावर आले. सुट्टीत वर्गातल्या एका शेतकऱ्याच्या मुलाने घरी नेले होते. घर केवढे आणि शेगडी केवढी! तिच्यापुढे पाय पसरून बसायचे, त्याच्या आईने वाढलेले खायचे आणि झोपायचे. काय खाल्ले ते ठमाआत्यास कळवू नये. मी बटाटे खाल्ले असे सांगावे, ते खोटेही नाही.

आता पुन्हा काळोखात उठणे, घरमालकीण म्हातारीची ओटची पेज गिळणे, इस्पितळ, आणि दुपारी मुडदे चिरण्याची खोली. पहिला आठवडा मन बसेना. पुस्तक उघडले की डोळ्यांपुढे शेगडी येई. प्रोफेसराने भर वर्गात विचारले की हिंदुस्थानातले गृहस्थ जागे आहेत काय. आता बसते आहे मन. डाव्या हाताने शीर धरायला शिकलो, तेवढाच फायदा.

माजिवड्याचे भात या साली कसे उतरले? कपिला गाय व्याली की नाही? बाबांचा खोकला कसा आहे? ती. बाबा, ठमाआत्या, सौ. सुमतीवहिनी यांस नमस्कार. कपिलेच्या पाठीवरून माझ्या वतीने हात फिरवावा. इतर मंडळींस यथायोग्य. लोभ आहे तसा राहू द्यावा.

आपला,
विश्राम (दुसऱ्याच्या हाताने)

॥ श्री ॥
ठाणे, ता. २ फेब्रुवारी १८८८

चि. विश्राम यास मधूचे अनेक आशीर्वाद. विशेष.

तू वारल्याची बातमी आम्हांस सोमवारी दुपारी समजली आणि दिवेलागणीला ती खोटी ठरली. मधल्या वेळात काय झाले ते कळवतो.

डाक आली तेव्हा मी कचेरीत होतो. पत्रावर नाव माझे असले तरी या घरात येणारे प्रत्येक पत्र बाबाच फोडतात. त्यांनी ओटीवर बसून चष्मा लावला. वर श्री नाही. अक्षर परक्याचे. आणि पहिली ओळ अशी की, विश्रामच्या हातचे पत्र आता येणे नाही. ओळ तिथेच संपते. पुढचे "निदान तीन आठवडे" खालच्या ओळीत आहे. बिनश्रीचे पत्र कशाचे असते हे आपल्याकडे पोरासोरांनाही कळते, आणि असले पत्र उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. बाबांनी ते अंगणात टाकले आणि खांबाला टेकून बसले. दुसरी ओळ वाचावी असे कोणाच्या मनात आले नाही. शेजारची मंडळी जमली, तीही पत्राला वळसा घालून आली.

पुढचे सगळे ठमाआत्याने हाती घेतले. तिला स्वतःला विधवा होऊन तीस वर्षे झाली, तेव्हा रीत तिने कोणाला विचारायची! तुझी बायको गोदा मागल्या पडवीत तांदूळ निवडत होती. आत्याने तिचे हात धरून उंबऱ्यावर बांगड्या फोडल्या, पदराने कुंकू पुसले, आणि मग कशासाठी ते सांगितले. हा क्रम मी सुमतीकडून पुन्हा विचारून घेतला आहे. दहाव्याला गोदाचे केस काढायला लागेल म्हणून न्हाव्याकडे निरोपही गेला होता. गोदा एवढेच म्हणत राहिली की ते पत्र मला वाचू द्या. बायकांना वाटले, पोरीचे डोके फिरले. तिला आतल्या खोलीत बसवून दार ओढून घेतले.

मी आलो तो अंगणात ही गर्दी. एकाने कागदाकडे बोट केले. कचेरीत कागद शेवटपर्यंत वाचल्याखेरीज शेरा मारता येत नाही, ही आमची खोड. उभ्या उभ्या मोठ्याने वाचू लागलो. मनगट आले, शेगडी आली, बटाटे आले. कपिला गाय आली तेव्हा बाबा उठून उभे राहिले आणि रडू लागले. आत्याने साखर वाटली. खोटी बातमी उठली म्हणजे माणसाचे आयुष्य वाढते म्हणाली. कपिला व्याली, कालवड आहे.

सुमती कुंकवाचा करंडा घेऊन आत गेली. गोदाने तो बाजूला सारला. दुसऱ्या दिवशी तिने माहेरी पोचवा म्हणून सांगितले, आणि मी तिला कल्याणास राघोपंतांकडे पोचवून आलो. अजून कपाळ मोकळे आणि हात मोकळे. नवरा धडधाकट असता हे असे, त्यामुळे कल्याणात पारनाक्यावर आणि इकडेही लोक वाटेल ते बोलतात. आत्या म्हणते की पोरगी तुझ्या जिवावर उठली आहे. बाबा म्हणतात, अक्षय्य तृतीयेपर्यंत कुंकू लावून परत आली तर ठीक, नाही तर विश्रामसाठी दुसरी मुलगी पाहू. ते बोलतात ते करतात, हे तुला ठाऊक आहे.

मनगटाला काय लावतोस ते लिही. आमचा लोभ तू मेल्यावरही टिकला, तो जितेपणी टिकण्यास हरकत नाही.

मधू

॥ श्री ॥ श्री ॥ श्री ॥
एडिंबरो, ता. २४ फेब्रुवारी १८८८

ती. दादांस कृ. सा. न. वि. वि.

पत्र पावले. वर श्री तीनदा लिहिला आहे आणि अक्षर माझे आहे. मी जिवंत असल्याबद्दल बाबांची खात्री पटावी!

दादा, खरे सांगतो, आधी मला हसूच आले. माणसाला आपले सुतक बसून वाचायला मिळते, हे भाग्य थोडके काय? संध्याकाळी चहाच्या टेबलाशी चौघांना इंग्रजीत सांगितले, तेही खूप हसले. प्रभाकरास तुमचे पत्र वाचून दाखवले. तो बांगड्यांपर्यंत हसत होता, मग उठून आपल्या खोलीत गेला. दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. चूक ह्याची आणि तोंड फुगवायचे ह्यानेच.

गोदाचे म्हणाल तर ती लहान आहे, घाबरली असेल. आत्याने एक लुगडे घेऊन कल्याणास जावे, झाले गेले विसर म्हणावे, म्हणजे मिटेल. बाबांस दुसऱ्या मुलीचे बोलू देऊ नका. मला ऐन परीक्षेच्या दिवसांत हे लचांड नको.

माझे आता अगदी घड्याळासारखे चालले आहे. मनगट बरे झाले. नाताळात काय काय केले तेही आता आठवत नाही, इतका कामात बुडालो आहे. सर्वांस नमस्कार. ममता असू द्यावी.

विश्राम

॥ श्री ॥
ठाणे, ता. २० मार्च १८८८

चि. विश्राम यास अनेक आशीर्वाद. विशेष.

लुगडे परत आले. आत्या कल्याणास गेली, उंबऱ्याशी बसली, पाणी पिऊन आली. तिला अजून कळत नाही की तिचे काय चुकले. बातमी खरी असती तर सगळे नाव घेऊन म्हणाले असते की ठमाबाईंनी किती हिमतीने निभावले.

मग मी गेलो. गोदा थोरल्या दिरासमोर बोलणार नाही, ती दाराआड. मी राघोपंतांस विचारायचे, त्यांनी तिला, आणि उत्तर त्याच वाटेने. ती म्हणाली ते तसेच लिहितो. तिला वाचता येते, हे आपल्यापैकी कोणाला ठाऊक नव्हते. राघोपंतांनी शिकवले आहे. तिचे म्हणणे, पत्र अंगणात पडले होते आणि ते वाचणारी मी घरात होते. पण ते माझे नव्हते, म्हणून मला कोणी हात लावू दिला नाही. त्यात सगळ्यांची नावे होती, गायीचेसुद्धा होते. माझे नाव असलेले पत्र असते तर ते मी फोडले असते आणि शेवटपर्यंत वाचले असते. इतर मंडळी म्हणजे मी असेन, तर इतर मंडळींनी कुंकू कशाला लावायचे?

तिला लुगडे नको, माफी नको. तुझ्या हातचे, तिच्या नावाचे एक पत्र हवे. बाकी तिची काही अट नाही.

बाबांस सांगितले. ते भडकले. म्हणाले, बाप जिवंत असता मुलाने बायकोस पत्र लिहिण्याचा निर्लज्जपणा या घरात झाला नाही आणि होणार नाही. खरेच आहे, मीही कधी लिहिले नाही. हे सुमतीने ऐकले. मी पुण्यास महिनाभर होतो तेव्हा तिला लिहावेसे वाटले होते का, असे तिने रात्री विचारले. मी नाही म्हणून खरे ते सांगितले. तेव्हापासून मला आमटी अळणी मिळते आहे.

तुझ्या चहाच्या टेबलाचे मी कोणाला सांगितले नाही. अरे, तू हसलास ते हसलास, ते लिहून कशाला कळवलेस? बाबांचा शब्द अक्षय्य तृतीयेचा आहे. तुझे पत्र पोचायला अडीच-तीन आठवडे लागतात. बापाचा राग पत्करायचा की बायको गमवायची ते तू ठरव, मी सांगणार नाही. मात्र लिहिलेस तर कल्याणास पाठव, ठाण्यास नको. इकडे बाबा फोडतील.

तुझ्यावर रागावलो तरी जीव आहे, एवढे धरून चालावे.

मधू

॥ श्री ॥
एडिंबरो, ता. ९ एप्रिल १८८८

सौ. गोदा हिस,

नवऱ्याने बायकोस आशीर्वाद लिहावा अशी रीत आहे म्हणतात. मी तुझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा, मी कसला आशीर्वाद देणार? म्हणून नुसते नाव लिहिले. हे चौथे पत्र. आधीची तीन फाडली, कारण ती दादांना लिहिल्यासारखी होत होती.

मी हसलो होतो. दादांनी तुला सांगितले नसेल, म्हणून मीच सांगतो. दादांचे दुसरे पत्र आल्यावर रात्री बसून तुझा हात आठवून पाहिला, ज्यातल्या बांगड्या फोडल्या तो. मला दिवसभर हातांच्या शिरा आणि हाडे पाठ करावी लागतात, पण तुझा हात आठवेना. लग्नात धरला होता, तो हळदीने पिवळा होता आणि फार लहान होता, एवढेच. मला स्वतःची किळस आली.

तुला काय लिहावे कळत नाही, म्हणून माझा दिवस लिहितो. सकाळी उठतो तेव्हा खिडकीवर बर्फ असतो, आता कमी झाला. पेज खातो, तिला मीठ नाही, गूळ नाही. कधी कधी खोबऱ्याच्या वासाची इतकी आठवण येते की डोळ्यांत पाणी येते. हे दादांस कधी लिहिले नाही. मुडद्याला पहिल्यांदा हात लावला तेव्हा मी बाहेर जाऊन ओकलो, तेही लिहिले नाही. मला नापास होण्याची भीती वाटते. सुट्टीत त्या शेतकऱ्याच्या घरी त्याची आई त्याला नावाने हाक मारी, तेव्हा मला माझी आई आठवे. ती गेली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो.

बाबांस मी वेगळे पत्र टाकले आहे, की मी तुला लिहिले, पुढेही लिहीन, आणि दुसरी मुलगी पाहिलीत तर मी घरी येणार नाही. त्यांना राग येईल. येऊ दे.

पाकिटावर तुझे नाव इंग्रजी आणि बाळबोध अशा दोन्ही अक्षरांत घातले आहे. त्या दुपारी तुला काय वाटले ते मला लिहिशील का? लिहिलेस तर मी एकटाच वाचीन. आपली ओळख व्हावी, एवढे मागतो.

विश्राम

॥ श्री ॥
कल्याण, ता. २ मे १८८८

स्वामींचे सेवेशी, गोदाचा साष्टांग नमस्कार.

मायना असा असतो असे आमच्या बाबांनी सांगितले, म्हणून तसा लिहिला. पुढचे मीच लिहिते आहे, ते त्यांना दाखवणार नाही. अक्षर वाईट आहे.

पत्र पोचले. टपालवाल्याने बाबांच्या हाती दिले, बाबांनी न फोडता माझ्या हाती दिले. आई म्हणाली मोठ्याने वाच. मी नाही वाचले. माळ्यावर जाऊन वाचले, शेवटपर्यंत, मग पुन्हा पहिल्यापासून. मोठे भावोजी परवा येऊन गेले. मामंजी फार भडकले, परंतु दुसऱ्या मुलीचे नाव काढणे बंद झाले, असे त्यांनी बाबांस सांगितले. अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी मी ठाण्यास जाईन. ठमाआत्यांवर माझा राग नाही. त्यांनाही कोणी तसेच केले असेल.

आपण विचारलेत की त्या दुपारी मला काय वाटले. ते मी कोणाला सांगितलेले नाही. बायका मला रड रड म्हणत होत्या, मला रडू येईना. कोण गेले ते मी आठवू लागले, तर काही आठवेना. लग्नात माझी मान खाली होती. मी नांदायला आले तेव्हा आपली बोट सुटून गेली होती. भीती पुष्कळ वाटली, पण ती माझी मला वाटली. गेलेल्या माणसासाठी एक टिपूस आले नाही. पत्र माझ्या नावाचे हवे असे मी भावोजींना सांगितले ते खरेच होते, पण कुंकू लावले नाही त्याचे कारण हे होते. ज्याच्यासाठी रडू आले नाही त्याच्या नावाचे कुंकू कोणत्या तोंडाने लावू?

काल सकाळी लावले. आरशात पाहून, माझ्या हाताने. बांगड्याही भरल्या.

आपण जिवाला फार जपावे. आता तशी बातमी आली तर मला रडू येईल.

आपली,
गोदा